न चेपणारं कडं

काकूंची गाडी वळणावर दिसायच्या आधी ऐकू यायची. वेग वाढला की मागच्या सीटखालून एक लांबलचक घूंऽऽ निघायचं. पायाखालचा दाब कमी केला की त्याचा सूर उतरायचा, पुन्हा वाढवला की चढायचा. सुरुवातीला पॅसेंजर विचारायचे, "काकू, टायरचा आवाज आहे का?" मग म्हणायला लागले, "काकू, काच लावा." शेवटी कोणी काहीच म्हणेनासं झालं, कारण म्हटलेलं ऐकूच जायचं नाही.

एका सकाळी चढावर त्या घूंमध्ये खडखड मिसळली आणि काकूंनी गाडी कडेला घेतली.

खालच्या डेपोपासून टेकडीवरच्या वस्तीपर्यंत सीटवर माणसं नेणाऱ्या गाड्यांचा तो स्टँड. फरशीवर पिवळ्या रंगाने चौकोन आखलेले, आणि प्रत्येक चौकोन कोणाचा तरी. त्याला म्हणायचं जागा. ज्याची जागा त्याच्या गाडीला नंबर, म्हणजे पॅसेंजर भरायची पाळी. चौकोनांच्या क्रमाने मुकादम नंबर पुकारायचा. पूर्वी पॅसेंजर पळवण्यावरून इथे डोकी फुटली होती, म्हणून एक रीत पक्की झाली होती: ज्याचा नंबर लागलाय त्याने स्वतःच्या तोंडाने "सोडला" म्हटल्याशिवाय पुढच्या गाडीत माणूस चढायचा नाही. दुसरा नियम स्टँडच्या युनियनच्या अध्यक्षांनी स्वतः केला होता: आठवडाभर हजेरीला गाडी जागेवर दिसली नाही तर जागा गेली.

अध्यक्षांच्या तीन गाड्या लागत होत्या. चौथी, पांढरी, सीटवरचं प्लॅस्टिकही न काढलेली, समोरच्या झाडाखाली जागेची वाट बघत उभी होती. काकूंची जागा पाचवी. सहाव्यात अध्यक्षांचीच निळी गाडी. आता सोयीची जागा कुठली, हे अध्यक्षांना कोणी सांगायची गरज नव्हती.

अध्यक्षांनी आपला मेकॅनिक पाठवला. तो गाडीखाली वाकला, जेमतेम गुडघे मळतील इतकाच, आणि उठून म्हणाला, "हौसिंगच गेलंय, मागची अख्खी पेटीच. भंगारात घाला."

"खोलून बघितलंस?" काकूंनी विचारलं.

"खोलायला कशाला हवं? आवाजावरून कळतं."

"मलाही आवाजावरून बरंच कळतं," काकू म्हणाल्या. "तुला पाठवलंय कोणी ते पण कळलं."

गाडी टोचन करून, दुसऱ्या गाडीला बांधून, त्यांनी भावजींच्या शेडमध्ये नेली.

भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. जन्म ट्रकखाली उताणं पडून काढलेला माणूस. अंगावर कधी जॅक निसटला नाही, कधी बोट चेमटलं नाही. आणि गेल्याच महिन्यात स्वयंपाकघरातला बल्ब बदलताना स्टुलावरून पडून उजवं मनगट मोडून बसले होते. प्लॅस्टर कोपरापर्यंत. आल्यागेल्याला ते ट्रकचं काहीतरी झालं असं सांगायचे. बल्बाचं फक्त घरात माहीत होतं, आणि घरातल्यांनी ते जपून ठेवलं होतं, गरज पडेल तेव्हासाठी.

"वहिनी, मी हे करू शकत नाही," त्यांनी प्लॅस्टर वर धरून दाखवलं. "दुसऱ्या कोणाकडे न्या."

"दुसरे सगळे अध्यक्षांच्या गाड्या धुतात. तुम्ही सांगा, मी करते."

"पाना कधी धरलाय का?"

"पंचवीस वर्षं स्टिअरिंग धरलंय. तेही बिनपॉवरचं."

भावजींनी वहिनींच्या दंडांकडे एकदा पाहिलं आणि स्टूल ओढून घेतलं. "बरं. मग आधी तेल काढा. आणि स्टुलाबद्दल कोणी काही बोलायचं नाही."

चाकांचे दांडे ओढून काढले, मागचं झाकण उघडलं, आतला मोठा दातेरी क्राउन निघाला, आणि त्यामागे लपलेला पिनियन एकदाचा काकूंच्या हातात आला. घंटेसारखा आकार; तोंडाशी तिरपे, वळलेले दात, मागे लांब दांडा. इंजिनचं फिरणं गाडीच्या लांबीने येतं. त्याला काटकोनात वळवून चाकांकडे द्यायचं काम हा मुठीएवढा तुकडा करतो. त्यांनी फडक्याने एकेक दात पुसला. कुठे चरा नाही, टवका नाही. क्राउनचेही दात तसेच. गेल्या होत्या त्या पिनियनला दोन्ही टोकांशी धरणाऱ्या बेअरिंगा. त्यांचे रूळ निळे-काळे पडले होते आणि रूळ ज्यांत फिरतात त्या वाट्या खडबडीत झाल्या होत्या.

"हौसिंग गेलंय म्हणे," काकू म्हणाल्या.

"त्याची अक्कल गेलीय," भावजी म्हणाले. "बेअरिंगा आणा. दोन्ही. आणि सील, नट, स्पेसर."

चार दिवस सामान मिळवण्यात गेले. स्पेसर एकच मिळाला. तो म्हणजे पातळ पत्र्याची नळी, मध्ये जरा फुगीर. ती दोन बेअरिंगांच्या मध्ये दांड्यावर बसते. भावजींनी ती डाव्या हाताच्या बोटांत धरून समजावलं होतं:

"नट आवळला की ही चेपते. जसजशी चेपते तसतशा बेअरिंगा जवळ येतात आणि पिनियन घट्ट धरतात. सैल राहिला तर दात डगमगून पुन्हा रडणार. जास्त घट्ट झाला तर बेअरिंगा तापून जळणार. बरोबर मधे थांबायचं. आणि एक लक्षात ठेवा, वहिनी. ही चेपते, पण परत फुगत नाही. एकदा पुढे गेलात की नट मागे घेऊन उपयोग नाही. नट मागे येईल, नळी येणार नाही. मग त्या नटाला धरून ठेवणारं कोणीच नसतं."

काकूंना हे फार आवडलं. घरी जाऊन त्यांनी ते नवऱ्याला जसंच्या तसं ऐकवलं. नवरा शिंपी. गळ्यातली टेप काढायची त्यांना जेवतानाही आठवण राहत नसे. ते म्हणाले, "कापडाचंही तसंच. कापलं की कापलं."

जुन्या वाट्या ठोकून काढल्या, नव्या ठोकल्या. "सगळीकडून थोडंथोडं ठोका, एकाच बाजूने नको. आवाज बदलला की बसली." आवाज बदलला, पोकळ टणटण भरीव ठण झाली. आतली बेअरिंग पिनियनवर चढवण्याआधी दात कितपत आत राहतात ते ठरवणारी जुनी पत्री तिच्या जागी सरकवली. मग बेअरिंग तेलात तापवून दांड्यावर सोडली, तर ती सुळकन खाली जाऊन बसली आणि काकूंच्या तोंडून लहान मुलीसारखं "अय्या" निघालं. पिनियन आतून घातला, स्पेसर, बाहेरची बेअरिंग, सील, दांड्याच्या टोकावर फ्लँज नावाची गोल जाड तबकडी, आणि वर नट. लांब पाइप लावून काकूंनी नट आवळायला सुरुवात केली.

इथे चूक झाली. ती चूक त्या दोघांकडूनच होण्यासारखी होती.

पिनियन किती घट्ट झाला हे भावजी आयुष्यभर उजव्या हाताने ओळखत आले होते. फ्लँज धरायची, फिरवायची, हाताला कळायचं. आता तो हात प्लॅस्टरात. म्हणून ते विचारत होते आणि वहिनी फिरवून सांगत होत्या.

"हलकं की जड?"

"हलकं."

"अजून थोडं आवळा. आता?"

"हलकंच आहे."

"अजून."

बिनपॉवरचं स्टिअरिंग भरल्या गाडीत पंचवीस वर्षं चढावर फिरवलेल्या बाईला काय हलकं वाटतं, याचा हिशेब दोघांपैकी कोणीच केला नाही. बऱ्याच वेळाने भावजी सहज म्हणून पुढे झाले आणि डाव्या हाताने फ्लँज फिरवायला गेले. ती फिरली नाही. त्यांनी जोर लावला. चेहरा लाल झाला, तेव्हा कुठे अर्धा वेढा हलली.

"हे तर जाम आहे!"

"तुमचा डावा आहे तो."

"डावा असला म्हणून काय झालं, वहिनी, हात आहे तो, केळीचं पान नाही!"

काकूंनी पुन्हा फिरवून पाहिलं. पहिल्यांदाच त्यांनी किती जोर लागतो याकडे लक्ष दिलं आणि फ्लँजवरचा हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी शेवटची होती. ती चुकली की पाचवी जागा अध्यक्षांची. स्पेसर आणखी मिळणार नव्हता. बाजारात विचारून झालं होतं, मागवला तर येईल तेव्हा येईल.

भावजी हळूच म्हणाले, "पाव वेढा मागे घ्या."

"काय?"

"नट. पाव वेढा सैल करा. फिरायला मोकळं होईल, उद्या गाडी स्टँडवर. महिना-दोन महिने काही होत नाही. तोवर स्पेसर येईल, मग निवांत बदलू."

"तुम्हीच म्हणालात ना, नळी परत फुगत नाही?"

"म्हणालो. शिकवताना म्हणालो. आता तुमची जागा चाललीय, वहिनी! मी काय वैरी आहे का तुमचा?"

भावजी वैरी नव्हतेच. म्हणूनच त्यांना नाही म्हणणं अध्यक्षांना नाही म्हणण्यापेक्षा कठीण होतं.

"भावजी, त्या चढावर माझ्यामागे नऊ माणसं बसतात. महिना-दोन महिने म्हणता, त्यातल्या कुठल्या दिवशी नट ढिला होईल हे सांगाल? सांगा, त्या दिवशी मी सुट्टी घेते."

भावजींनी प्लॅस्टर खाजवलं. प्लॅस्टर खाजवून काही होत नाही हे त्यांना माहीत होतं.

"मग जागा सोडा," ते चिडून म्हणाले.

"तीही सोडणार नाही."

"दोन्ही कसं होईल?"

काकूंनी पाइप भिंतीला टेकवला, कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि विचारलं, "नियम काय आहे? शब्दाला शब्द सांगा. तुम्हीही ऐकलाय."

"गाडी जागेवर दिसली पाहिजे."

"चालू पाहिजे असं म्हटलंय?"

भावजींच्या मिशा हलायला लागल्या.

सकाळी गाडी ढकलत नेली. पिनियन काढून घेतला होता, त्याच्या भोकात फडकं कोंबलं होतं. दांडे आणि क्राउन परत चढवल्यामुळे चाकं मात्र फिरत होती. स्टिअरिंगवर भावजी, डाव्या हाताने. मागून काकू, गळ्यात टेप घातलेले काका, आणि सातव्या जागेचा ड्रायव्हर. त्याला सगळे मुका म्हणायचे, कारण तो झोपेतही बोलायचा.

"काकू, वजन कमी करा हो गाडीचं. भावजींना उतरवा. नाहीतर प्लॅस्टर तरी काढून बाहेर ठेवा. काका, तुम्ही ढकलताय की माप घेताय?"

मुकादम हजेरी घ्यायला उठला तेव्हा पाचव्या चौकोनात गाडी होती. मागची चाकं उतरवलेली, मागचा भाग दोन लोखंडी घोड्यांवर. खाली ताडपत्री, ताडपत्रीवर परत काढलेले दांडे आणि क्राउन, पाने, कानस, डबे, आणि मधोमध काकू.

अध्यक्ष आले. इस्त्रीचा शर्ट, बोटात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी चौकोनाभोवती एक फेरी मारली.

"काकू, हे काय?"

"गाडी. जागेवर."

"ही उभी आहे का? ही टांगलेली आहे."

"पुढची दोन चाकं उभी आहेत की. मागची दोन आराम करतायत."

"हा स्टँड आहे, गॅरेज नाही. मी हजेरी लावू देणार नाही."

"तुमची ही निळी गाडी पावसाळ्यात बॅटरीशिवाय उभी होती," काकू म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता. पण घूं करणारी गाडी वर्षभर चालवून त्यांचा साधा आवाजच लांबवर पोचायचा झाला होता. "तेव्हा रोज हजेरी लागली. सगळ्यांनी बघितलं. ती चालत होती का?"

कोणीतरी खोकलं. मुकादमाने अध्यक्षांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि वहीत टिक केली.

अध्यक्ष हसले. "ठीक आहे. आजचा दिवस. आज तुमचा शेवटचा नंबर लागेल तेव्हा पॅसेंजर भरून गाडी हलली पाहिजे. नाही हलली तर जागा रिकामी. दुकान मांडायला इथे चौकोन आखलेले नाहीत."

"हे कधी ठरलं?"

"आत्ता."

"बरं," काकू म्हणाल्या आणि भावजींकडे वळल्या. "लेथवाला उघडला असेल ना?"

कारण गाडी आणताना वाटेत भावजींना एक गोष्ट आठवली होती. फार जुन्या गाड्यांत चेपणारी नळी नसायचीच. दोन बेअरिंगांच्या मध्ये भरीव पोलादाचं कडं असायचं, अगदी नेमक्या लांबीचं. ते चेपत नाही. नट मनाला येईल तितका आवळा, बेअरिंगा कड्याला टेकल्या की टेकल्या. सगळं कौशल्य लांबीत. कडं लांब असेल तर पिनियन सैल, आखूड असेल तर जाम. केसाचा फरक.

"हे मग सगळ्या गाड्यांत का नाही ठेवलं?" काकूंनी विचारलं होतं.

"एकेक कडं घासून जुळवायला वेळ जातो. नळी चेपली की झालं."

लेथवाल्याने चेपलेल्या नळीची लांबी घेतली, तिच्याहून किंचित जास्त लांबीचं कडं कातून दिलं आणि बजावलं, "जास्त आहे ते घासून कमी करा. कमी झालेलं माझ्याकडे आणू नका. वाढवायचं मशीन माझ्याकडे नाही."

आता मोजायचं कशाने? भावजींचा उजवा हात प्लॅस्टरात, आणि काकूंच्या हातावर दोघांचाही विश्वास उरला नव्हता. काकूंची नजर मुकादमाच्या टपरीवर गेली. पॅसेंजरांच्या बोचक्यांचं वजन करायचा स्प्रिंगचा काटा तिथे खिळ्याला लटकत होता.

"भावजी, दोरी गुंडाळून फ्लँज ओढली, तर ओढायला किती किलो लागतात ते काट्यावर दिसेल ना?"

भावजी म्हणाले, "दिसेल." मग जरा थांबून म्हणाले, "चार आणि पाचच्या मधे हवं. पुस्तकात तेच आहे. मी पुस्तक फेकून दिलं होतं, हात होता म्हणून."

काकांनी खिशातून मेण लावलेला जाड दोरा काढला. कोटाची बटणं लावायचा. तो फ्लँजवर गुंडाळून त्यांनी दुसऱ्या टोकाला अशी गाठ मारली की काटा तुटला असता पण गाठ सुटली नसती.

मग दिवसभर एकच काम. कडं घाला, बेअरिंग घाला, फ्लँज घाला, नट पूर्ण ताकदीने आवळा. इथे काकूंचे दंड कामी आले. मग दोरा ओढा, फिरत असतानाचा आकडा बघा. पहिल्यांदा काटा हललाच नाही. पिनियन हाताने पुढेमागे होत होता. काढा सगळं. जाड काच ताडपत्रीवर ठेवून तिच्यावर पॉलिश पेपर, आणि त्यावर कडं आठाच्या आकड्यासारखं फिरवत घासा, म्हणजे एका बाजूला तिरपं होत नाही. पुसा. परत घाला.

मध्येच मुकादम पुकारायचा, "पाचवा!"

काकू गाडीखालून ओरडायच्या, "सोडला!"

आणि निळ्या गाडीत माणसं भरायची. अध्यक्षांचा ड्रायव्हर खूश होता. अध्यक्षही नाखूश नव्हते. खुर्ची टाकून झाडाखाली बसले होते. मुका प्रत्येक फेरीहून आला की वाकून आकडा विचारायचा आणि पुढच्या फेरीच्या पॅसेंजरांना सांगायचा. दुपारपर्यंत टेकडीवरच्या वस्तीत लोकांना माहीत झालं होतं की काकूंचा काटा दोनवर आलाय. कशाचे दोन, हे कोणालाच माहीत नव्हतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा काटा साडेतीनवर स्थिर झाला. भावजी म्हणाले, "पुरे."

"चार म्हणाला होतात."

"वहिनी, अजून क्राउन चढवायचा, रंग लावून दात बघायचे, दांडे घालायचे, तेल भरायचं. वेळ बघा. आणि अजून घासलं आणि एकदम सहा झालं तर? दुसरं कडं नाही आपल्याकडे."

खुर्चीतून अध्यक्ष म्हणाले, "ऐका काकू, दिराचं तरी ऐका."

काकूंनी कडं तळहातावर घेतलं. घासून घासून त्याची कड आरशासारखी झाली होती. काल नळीच्या वेळी पुढे गेल्या होत्या, आज कडं अलीकडे होतं. थांबणं सोपं होतं आणि आता सगळेच त्यांना थांब म्हणत होते. त्यांनी घासून जीर्ण झालेला पॉलिश पेपर टाकून दिला नाही, मुद्दाम तोच घेतला, म्हणजे कमीत कमी कातेल. आठाचे मोजके आकडे काढले. पुसलं. घातलं. नट आवळला. काकांनी दोरा गुंडाळून दिला.

काटा चारच्या पुढे गेला, थरथरला, आणि साडेचारच्या जरा अलीकडे राहिला. फ्लँज पूर्ण वेढा फिरली तरी तिथेच.

भावजींनी डाव्या हाताने फ्लँज फिरवून पाहिली, मग डोळे मिटून पुन्हा फिरवली.

"आता सील," ते म्हणाले.

क्राउन जसा निघाला होता तसा चढला, डावीकडच्या पत्र्या डावीकडे, उजवीकडच्या उजवीकडे. दातांना पिवळा रंग लावून फिरवलं. स्टँडच्या चौकोनांतलाच उरलेला रंग, तेलात कालवून. ठसा दाताच्या बरोबर मध्यावर उमटला, ना टोकाला ना बुडाला. एक दांडा आत गेला. दुसरा हातात होता, तेलाचा डबा अजून उघडला नव्हता, तेव्हा मुकादमाने पुकारलं:

"पाचवा! शेवटचा!"

अध्यक्ष खुर्चीतून उठले. निळ्या गाडीच्या ड्रायव्हरने सवयीने दार उघडून धरलं आणि बाकावरचे पॅसेंजर सवयीने तिकडे निघाले. सगळे काकूंच्या एका शब्दासाठी थांबले होते. दिवसभर त्यांनी तो दिला होता.

काकू गाडीखालून बाहेर आल्या. उभ्या राहिल्या. हात फडक्याला पुसले, एकेक बोट.

"पाचवा!" मुकादम पुन्हा म्हणाला.

काकू गप्प.

"काकू, सोडला म्हणा," अध्यक्ष म्हणाले.

"का म्हणू? माझा नंबर आहे. भरून जाणार आहे मी."

"गाडी घोड्यांवर आहे!"

"उतरवते. थोडं थांबा."

"किती थांबायचं?"

"ते नियमात नाही," काकू म्हणाल्या. "सोडला म्हटल्याशिवाय पुढची गाडी भरत नाही, एवढंच आहे. दिवसभर सोडला, तुमची निळी गाडी पोटभर जेवली. आता नाही सोडत."

अध्यक्ष मुकादमाकडे वळले. "सहावा पुकार."

मुकादम शिट्टीशी चाळा करत म्हणाला, "साहेब, याच्यावरून डोकी फुटली होती. पाचव्याने सोडल्याशिवाय मी सहावा पुकारत नाही. आजवर तुमच्यासाठीही पुकारला नाही."

"मी सांगतोय!"

"मग शिट्टी घ्या तुम्ही," मुकादमाने ती गळ्यातून काढून पुढे धरली. अध्यक्षांनी ती घेतली नाही.

मुक्याने आपल्या गाडीचं इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच तो काही न बोलता बॉनेटवर बसला. आठव्यानेही बंद केलं. ऑफिसातून परतणारी एक बाई घड्याळ बघून वैतागली, "अहो, कोणीतरी न्या आम्हाला!" तेव्हा काका नम्रपणे म्हणाले, "बसा ना बाकावर. फिटिंग चालू आहे. शेवटची शिलाई."

काकू पुन्हा खाली गेल्या. घाई केली नाही. दांडा आत सरकवला, दाते जुळेपर्यंत हलकेच फिरवला. एकेक बोल्ट समोरासमोरचा आवळला. भावजी डाव्या हाताने तेल ओतत होते, थोडं प्लॅस्टरवरही सांडत होतं. चाकं चढली. जॅक उतरला. मागची चाकं जमिनीला टेकली तेव्हा कोणीतरी टाळी वाजवली आणि बाकीच्यांकडे बघून थांबवली.

गाडी भरत आली. ती वैतागलेली बाई पुढेच बसली. भावजी मागच्या टोकाला, खाली कान लावून ऐकता येईल अशा बेताने. एक सीट उरली.

काकूंनी काच खाली केली. "अध्यक्ष, एक सीट आहे. येताय? तुमच्याच नियमाने हलणारी गाडी आहे."

अध्यक्ष निळ्या गाडीकडे चालायला लागले. त्यांनी ड्रायव्हरला बाजूला सारलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले.

चढ सुरू झाला. काकूंनी सवयीने दात आवळले. वेग वाढला. घूं आलं नाही. दुसऱ्या वळणावर त्यांनी पाय उचलला, परत दाबला. नाही. मागून भावजी ओरडले, "वहिनी, काही ऐकू येत नाहीये!" आणि मग हसायला लागले, कारण ते वहिनींना पहिल्याच हाकेत ऐकू गेलं होतं.

सगळंच ऐकू येत होतं. बांगड्या, पिशवीचा कागद, कोणाचं तरी कुजबुजणं, टायरखालची खडी. आणि मागून जोरात, पुन्हा पुन्हा, निळ्या गाडीचा हॉर्न. अध्यक्षांना पुढे जायचं होतं. वर्षभर त्यांनी असा हॉर्न कितीदा वाजवला असेल कोण जाणे. काकूंना तो आज पहिल्यांदाच ऐकू आला.

त्यांनी आरशात पाहिलं. रस्ता अरुंद होता, पण साइड देता आली असती.

काकूंनी दिली नाही.